पाना आणि नाडी
(वर्ध्यात विद्यार्थ्यांपुढं केलेलं भाषण)



मी गोदीत माल चढवतो-उतरवतो आणि कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. तरी डॉक्टरकीवर बोलतोय, कारण यात आपल्या घरांचा पैसा आणि पोरांची वर्षं अडकलीत.

तुमच्यातले काहीजण म्हणतात, बायोमेडिकल इंजिनिअरिंगला जाऊ, तिथूनच डॉक्टर होऊ. अमेरिकेत हे चालतं. तिथं आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट, मग मेडिकल. पदवी ही तिथली पायरीच आहे. आपल्याकडं एमबीबीएसचं दार बारावीवर आणि नीटवर उघडतं. इंजिनिअरिंगच्या पदवीला तिथं एक गुणही जास्त मिळत नाही.

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं. पूर्वी तिथं शिरायला गांधीविचाराचा वेगळा पेपर असे. आपल्या वस्तीतल्या पोरानं त्यात काय लिहिलं असेल, तुम्हीच ताडा! आता तिथंही नीट, सावंगीलाही नीट.

नीटचे गुण ७२०. त्यातले ३६० एकट्या जीवशास्त्राचे. इंजिनिअरिंगमध्ये हृदय शिकाल, ईसीजीचं यंत्र शिकाल. पण वनस्पती, आनुवंशिकता? ते रात्री, तुमचं तुम्हीच. दिवसा सर्किट, रात्री पेशी. हे ओझं उचलायचं तर आधी वजन बघा.

म्हणून अकरावी-बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्या. जीवशास्त्र राहिलं असेल तर २०२३ च्या निर्णयानं ते बारावीनंतर जादा विषय म्हणून देता येतं. जातपडताळणीचा कागद आधी हातात ठेवा. मधेच कोर्स बदलला तर शिष्यवृत्तीचं काय, हे समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारा. नीटची वयाची वरची अट २०२२ मध्ये उठली. आता मर्यादा आपणच घालायची. पहिल्या वर्षात एक नेटाचा प्रयत्न करा, मग घरच्यांसोबत बसून ठरवा. नाहीतर चार वर्षांनी ना धड डिग्री, ना सीट.

आता शेवटचं. २०१५ साली केंद्रानं सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीची योजना काढली. त्यासाठी मोजणी झाली, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद निघाली. बंद यंत्रापुढं कोण उभं असतं? मजुरी बुडवून एसटीनं आलेली आपली माय. तिला सांगतात, फोटो बाहेरून काढून आण. तिथं डॉक्टर असूनही तिचा इलाज अडतो. तिथं पाना धरणारा लागतो.

तेव्हा मेडिकल हुकलं म्हणून रडत पाना धरू नका. नाडी धरणारा वर, पाना धरणारा खाली, ही उतरंड कुणी रचली ते तुम्हाला सांगायला नको. दोन्ही जागा आपल्या आहेत. दोन्ही मागा. पण एकीवर तरी पाय घट्ट रोवा.