पौंडाची इज्जत, हमालाचं ताट



विषय असा दिलाय : ब्रिटनच्या जुन्या पुढाऱ्यांचा त्यांच्या आर्थिक निर्णयांवरून न्याय कसा करायचा. हे ऐकून एक पांढरपेशा मित्र हसला. म्हणाला, तू गोदीतला हमाल, मॅट्रिक झालेला, दिवसा पोती उपसतोस नि रात्री कविता पाडतोस. चर्चिलच्या जमाखर्चात तू कशाला नाक खुपसतोस?

मी म्हणतो, मीच खुपसणार. पौंडाचा भाव लंडनच्या एखाद्या दिवाणखान्यात ठरतो. ठरवणारे चौघेजण असतात, जेवण झालेलं असतं, सिगार पेटलेल्या असतात. त्या भावाचं ओझं मात्र शेवटी बंदरात उतरतं, खाणीत उतरतं, गिरणीच्या दारात उतरतं. ओझं ज्याच्या पाठीवर, त्याला तोलायचा हक्क नाही तर कोणाला?

पुस्तकवाले पुढाऱ्याचा न्याय कसा करतात ते बघा. घराणं सांगतात, शाळा सांगतात, भाषणं छापतात, शेवटी पुतळा दाखवतात. पुतळ्याला हिशेब विचारता येत नाही. म्हणून आपण तीन प्रश्न घेऊन बसू. निर्णयाचा भुर्दंड कोणाला पडला? तो पडणार हे निर्णय घेणाऱ्याला आधी ठाऊक होतं का? दुसरी वाट होती का? एवढंच. ह्याला विद्यापीठाची पदवी लागत नाही.

ही तऱ्हा माझी नाही, एका गोदीवाल्यांच्या पुढाऱ्याची आहे. अर्नेस्ट बेव्हिन. आठव्या वर्षी आई गेली, अकराव्या वर्षी शाळा सुटली, ब्रिस्टलमध्ये गाडी हाकली. १९२० साली ब्रिटनच्या गोदी कामगारांनी दिवसाला किमान १६ शिलिंग मागितले आणि सरकारनं चौकशी कोर्ट नेमलं. मालकांनी आणला एक प्रोफेसर. पाच जणांच्या कुटुंबाला किती पैशात जगता येतं हे त्यानं आकड्यांत मांडलं. बेव्हिननं काय केलं? त्या आकड्यांत बसेल तेवढं अन्न बाजारातून आणलं, शिजवलं, ताटल्यांत वाढलं आणि कोर्टापुढं ठेवलं. आणि विचारलं, जहाजावर दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसाला एवढं पुरेल का? कागदावरचा आकडा ताटलीत आला आणि उघडा पडला. कोर्टानं १६ शिलिंगांच्या बाजूनं कौल दिला. पुढच्या तीन वर्षांत मंदीचं कारण काढून मालकांनी त्यातले काही परत ओढून घेतले, तो भाग वेगळा. पण मोजायची तऱ्हा मिळाली. आता ह्याच तऱ्हेनं एकेकाला बोलावू.

पहिला विन्स्टन चर्चिल. युद्धातला नव्हे, त्याच्या आधीचा. १९२४ ते १९२९ तो ब्रिटनचा अर्थमंत्री होता. पहिल्या महायुद्धाआधी पौंड सोन्याला बांधलेला होता आणि एक पौंड म्हणजे ४.८६ डॉलर असा भाव होता. युद्धात ती गाठ सुटली, भाव उतरला. २८ एप्रिल १९२५ ला चर्चिलनं अंदाजपत्रकात जाहीर केलं : पौंड पुन्हा सोन्याला बांधला, भाव तोच, ४.८६. बँकवाले खूश. साम्राज्याची इज्जत परत आली म्हणे.

आता ही इज्जत खाणीत कशी उतरली ते बघा. समजा, टनभर कोळसा एक पौंडाला. पौंड ४.४० डॉलरला असताना परदेशी गिऱ्हाइकाला तो ४.४० डॉलरला पडतो. पौंड ४.८६ वर नेला की तोच कोळसा, तोच टन, त्याला ४.८६ डॉलर मोजावे लागतात. तो कशाला मोजेल? जर्मनीच्या रूरमधला कोळसा तेव्हा पुन्हा बाजारात आलेला. म्हणजे ब्रिटिश मालकाला माल खपवायचा तर भाव पाडायला हवा. भाव पाडायचा तर नफा कमी करा, नाही तर मजुरी कमी करा. मालक ह्यातलं काय निवडणार हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?

मजुरी तोडा आणि तास वाढवा, अशी मालकांची मागणी आली. सरकारनं नऊ महिने अनुदान देऊन भांडण पुढं ढकललं. १ मे १९२६ ला दहा लाखांवर खाणकामगारांना टाळं लागलं. त्यांच्या पाठीशी रेल्वेवाले, छापखानेवाले, गोदीवाले उभे राहिले. पंधरा लाखांवर माणसं नऊ दिवस कामावर गेली नाहीत. लंडनच्या गोदीतून धान्य काढायला चिलखती गाड्या आल्या. आणि चर्चिलसाहेब स्वतः सरकारी पत्र चालवून संपकऱ्यांवर आग ओकत होते. १२ मे ला पुढाऱ्यांनी सार्वत्रिक संप मागं घेतला. खाणकामगार एकटे पडले. वर्षाच्या अखेरीपर्यंत उपाशी लढले, आणि मग कमी मजुरीवर जास्त तास करायला परत खाली उतरले.

भुर्दंड कोणाला पडला, मिळालं उत्तर. ठाऊक होतं का? होतं. अर्थतज्ज्ञ केन्सनं निर्णयाआधी त्याला समोरासमोर सांगितलं होतं. पौंड सुमारे दहा टक्के महाग धरताय, तेवढी मजुरी तुम्ही तोडायला लावणार. चर्चिलच्या स्वतःच्या मनातही शंका होती. खात्याच्या अधिकाऱ्याला त्यानं लिहिलं होतं, की सावकारीचा तोरा थोडा उतरला आणि उद्योग थोडा समाधानी झाला तर मला आवडेल. आवडेल लिहिलं आणि सही मात्र तोऱ्यावर केली. दुसरी वाट होती का? फ्रान्सनं पुढच्या दोन-तीन वर्षांत आपला फ्रँक जुन्या भावाच्या पाचव्या हिश्शावर स्थिर केला. फ्रान्स काही बुडाला नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल ह्याच माणसाचा वेगळा हिशेब मांडावा लागेल. पण आजचा एवढा एक निर्णयही पुतळ्याला पुरेसा जड आहे.

दुसरा रॅम्से मॅक्डोनाल्ड. इथं कान देऊन ऐका, कारण हा आपल्यातला वाटतो. स्कॉटलंडच्या मासेमारी गावात शेतमजूर बाप नि मोलकरीण आई, लग्नाविना झालेलं पोर. त्याचा अर्थमंत्री फिलिप स्नोडेन विणकराचा मुलगा. मजूर पक्षाचं सरकार. १९३१ साली मंदी आली, पंचवीस लाखांवर बेकार. जुलैअखेर मे समितीनं सांगितलं की तूट १२ कोटी पौंडांची होणार, बेकारभत्ता २० टक्के तोडा. सरकार १० टक्क्यांवर आलं. न्यूयॉर्कचे सावकारही कर्ज द्यायच्या आधी कपातच बघत होते. २३ ऑगस्टला मंत्रिमंडळ फुटलं, ११ कपातीकडे, ९ विरोधात. दुसऱ्या दिवशी मॅक्डोनाल्ड विरोधी पक्षवाल्यांना घेऊन नव्या सरकारचा पंतप्रधान झाला. भत्ता तोडला. वर घरात शिरून झडती सुरू झाली : भांडी किती, खुर्च्या किती, पोरगी किती कमावते. तिची कमाई धरून बापाचा भत्ता कापायचा.

हे सगळं कशासाठी? पौंड सोन्याला बांधलेला राहावा म्हणून. सप्टेंबरात इन्व्हरगॉर्डनला आरमारी खलाशांनी जहाज हलवायला नकार दिला, कारण दिवसाला ४ शिलिंग मिळवणाऱ्याचा सबंध एक शिलिंग कापला होता. सावकार घाबरले, सोनं पळायला लागलं. आणि २१ सप्टेंबर १९३१ ला, नव्या सरकारला चार आठवडे होताच, पौंड सोन्यापासून सोडून दिला! जी गोष्ट केली तर आभाळ कोसळेल म्हणत होते, ती केली आणि आभाळ जागेवर राहिलं. पण तोडलेला भत्ता? तो भरून यायला १९३४ उजाडलं.

दुसरी वाट त्यांना कोणी दाखवली होती का? होय. सरकारच्याच मॅकमिलन समितीत केन्सच्या शेजारी बेव्हिन बसला होता, तोच ताटलीवाला. १९३१ च्या अहवालात त्यानं सोन्याची गाठ सोडण्याची बाजू मांडली होती. अकराव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाला जे दिसलं ते स्नोडेनला दिसलं नाही, कारण स्नोडेननं बँकेचा चष्मा लावला होता. तेव्हा पोरांनो, जन्माचा दाखला बघून पुढाऱ्याला माफी देऊ नका. झोपडीतून आलेला माणूस खुर्चीवर कोणाच्या बाजूनं सही करतो ते बघा.

त्याच २१ सप्टेंबरला आपल्यालाही लंडनहून हुकूम आला. रुपया पौंडालाच बांधलेला राहील, १ शिलिंग ६ पेन्सला. सोनं महागलं, शेतमालाचे भाव आधीच मातीत गेलेले, सारा आणि सावकार दारात उभे. खेड्यापाड्यांतल्या बायांच्या अंगावरचं किडूकमिडूक सराफाकडं गेलं आणि मुंबई बंदरातून जहाजांनी लंडनला. साहेबाच्या तिजोरीला त्यानं टेकू मिळाला. हमालानं उचललेल्या पेटीत कोणाची पुतळी होती, कोणाची नथ, ते मालाच्या यादीत लिहिलेलं नसतं.

बाबासाहेब त्या वेळी गोलमेज परिषदेसाठी लंडनातच होते. ह्या विषयावर त्यांनी आधीच ग्रंथ लिहिला होता, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, १९२३ साली. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढं त्यांनी साक्षही दिली. त्यांचा एक मुद्दा मी कायम खिशात ठेवतो. रुपयाचा भाव पाडला की व्यापाऱ्याला फायदा होतो, तो देशाचा फायदा म्हणून सांगतात. पण भाव चढतात आधी आणि मजुरी चढते मागाहून. मधलं अंतर मजुराच्या पोटातून काढलेलं असतं. म्हणजे देशातल्याच एका वर्गानं दुसऱ्याचं उचललेलं.

आता चर्चिलशी हे जोडून बघा. तिथं पौंड चढवला आणि मजूर मेला. इथं रुपया पाडला तर मजूर मरतो. मग चलन चढतं चांगलं की उतरतं? बाबासाहेबांनी शिकवलेला प्रश्न त्याच्याही मुळाशी जातो : ह्या चढउतारात कोण कोणाच्या खिशात हात घालतोय?

तिसरा क्लेमंट अ‍ॅटली. शिकलेल्या घरातला वकील, पण लंडनच्या गोदीवाल्यांच्या लाइमहाउस भागातून १९२२ पासून निवडून आलेला. १९४५ ला ब्रिटन कंगाल झालेलं, अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज. ‘पैसा नाही’ म्हणायला ह्याच्याइतकं सबळ कारण कोणाकडंच नव्हतं. तरी १९४७ ला गोदी कामगार योजना आली. रोज सकाळी फाटकावर गुरांसारखं उभं राहायचं, मुकादमानं बोट दाखवलं तर काम, नाही तर घरी उपाशी, ह्याला थोडा आळा बसला. हजर राहिलास आणि काम नसलं तरी थोडे पैसे मिळणार. ५ जुलै १९४८ पासून दवाखाना सगळ्यांना फुकट. त्याचा दोषही लिहा : १९४९ ला लंडनच्या गोदीत संप झाला तेव्हा ह्याच अ‍ॅटलीनं हजारो सैनिक माल उतरवायला घातले. जमा आणि खर्च, दोन्ही बाजू भरा. माझ्या वहीत जमा मोठी निघते.

चौथी मार्गारेट थॅचर. न्यायाला बसलोय तर तिचंही खरं बोलू. महागाई उतरली. १९८० ला २० टक्क्यांच्या आसपास होती, १९८३ ला ५ च्या आत आली. महागाई मजुराला खाते, म्हणजे हे जमेला. भुर्दंड कोणाला? १९७९ च्या पहिल्याच अंदाजपत्रकात वरच्या श्रीमंतांचा आयकर ८३ वरून ६० टक्के आणि खरेदीवरचा कर ८ वरून १५ टक्के. म्हणजे लॉर्डाला सूट, आणि ती वसूल कोणाकडून, तर बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईकडून. १९८२ उजाडताना बेकार ३० लाखांवर. १९८४-८५ ला वर्षभर झुंजवून खाणकामगार मोडले. आणि १९८९ ला अ‍ॅटलीची गोदी योजना एका कायद्यानं पुसली. नऊ हजारांवर नोंदलेले गोदीवाले होते, त्यातले बहुतेक थोड्याच वर्षांत बाहेर पडले. काम पुन्हा हंगामी. आमच्या बंदरात आज कंत्राटदाराचा माणूस नाव पुकारतो तेव्हा मला वाटतं, हे फाटक जगात सगळीकडं सारखंच आहे.

शेवटची लिझ ट्रस. सप्टेंबर २०२२ ला तिच्या सरकारनं ४५०० कोटी पौंडांची करकपात जाहीर केली, श्रीमंतांचा वरचा करही काढणार होते, आणि पैसा कुठून आणणार ते सांगितलं नाही. रोखेबाजार बिथरला. पौंड डॉलरशी जवळपास बरोबरीला आला. पंचेचाळिसाव्या दिवशी तिनं राजीनामा दिला.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. खाणकामगार सात महिने उपाशी लढले, आणि चर्चिल १९२९ पर्यंत अर्थमंत्री राहिला. तीस लाख बेकार झाले, थॅचर अकरा वर्षं राहिली. रोखेवाल्यांना झळ लागली आणि पंतप्रधान पन्नास दिवससुद्धा टिकली नाही. कोणाच्या दुखण्याला किती लवकर डॉक्टर येतो, ते बघा. लोकशाही तिथंही आहे, मतं तिथंही मोजतात. पण सावकाराचं मत रोज मोजलं जातं आणि मजुराचं पाच वर्षांनी एकदा.

म्हणून सांगतो, ही वही ब्रिटनपुरती ठेवू नका. पुढारी कुठलाही असो, देशी असो, परदेशी असो, आपल्या गल्लीतला असो, त्याचा आकडा ताटलीत वाढून बघा. पुरतो का विचारा. नाही पुरला तर ताटली उचलून त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.