परसातला दिवा आणि काजवे

आजचा भाग घरून रेकॉर्ड करतोय, कर्जतजवळच्या कोंडाण्यातून. मागे किर्र आवाज येतोय ना, ते रातकिडे. एडिट करून काढणार नाहीये.

गोष्ट एका एलईडी फ्लडलाइटची आहे. पहिल्या बोनसमधून तो मी परसात लावला, आजीसाठी. आमचं न्हाणीघर मागे, अंगणापलीकडे. पावसाळ्याच्या तोंडावर फुरसं, मण्यार निघतात आणि आजी रात्री एकटीच उठते. म्हणून दिवा रात्रभर चालू. मी खूश.

पुढच्या जूनमध्ये आजी सहज म्हणाली, "यंदा काजवे नाय दिसले रे."

मुंबई-पुण्याची पोरं काजवे बघायला आमच्या डोक्यावरच्या राजमाचीला येतात, आणि आमच्याच परसात नाहीत? त्या रात्री मी फिरून पाहिलं. गोठ्यामागे, जिथे भिंतीची सावली पडते, तिथे लुकलुक चालू होती. उजेडात एकही नाही. सावली संपली की काजवे संपले.

काजवा म्हणजे माशी नव्हे, भुंग्यांच्या गणातला कीटक. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि जवळजवळ उष्णता नसलेला उजेड पडतो. नर उडताना ठरावीक लयीत चमकतो, मादी गवतातून उत्तर देते. ते उत्तर दिसलं तरच जोडी जमते. प्रौढ काजव्याकडे त्यासाठी मोजके दिवस असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याचा सिग्नल माझ्या दिव्याच्या नॉइजमध्ये बुडत होता.

आणि त्याची अळी? ती ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाते. म्हणजे आजीच्या भाजीवर ताव मारणाऱ्या गोगलगायींचा बंदोबस्त तीच करते!

मी म्हटलं, "आजी, दिवा काढूया." ती म्हणाली, "आणि जनावर निघालं तर काजवा सांगणार का मला?"

बरोबर होतं तिचं. काजव्यांसाठी आजीचा पाय पणाला लावायचा नाही. मग शरीराची उष्णता ओळखणारा मोशन सेन्सर आणला. छोटा पिवळा दिवा, तोंड खाली, फक्त पायवाटेवर. माणूस आलं की लागतो, मिनिटाने विझतो. शिवाय आजीच्या हातात बॅटरी आणि काठी. पहिल्या रात्री मांजराने तो अकरा वेळा लावला, ते वेगळं.

यंदा जूनमध्ये अळवावर काजवे दिसले. थोडेच. एका परसावरून नियम निघत नाही, पण आजीने मला हाक मारून उठवलं, एवढं खरं.

तुमच्याही घरामागे रात्रभर दिवा जळतो का? तो कोणासाठी आहे ते आधी विचारा. कोणासाठीच नसेल, तर आज दहा मिनिटं बंद करून बघा. डोळे अंधाराला सरावू द्या, मोबाइल खिशात ठेवा.

चला, थांबतो. मांजराने परत दिवा लावलाय.