कामगार कोण? : एका सल्लागार व्यवसायाची कहाणी



वकील म्हटले की न्यायालयात उभी राहून युक्तिवाद करणारी व्यक्ती आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु वकिलांचा एक वर्ग असा आहे की ज्याचे बहुतेक काम न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच संपते. कारखान्याचा मालक किंवा कंपनीचा अधिकारी त्याच्याकडे कागद घेऊन येतो आणि विचारतो, “असे केले तर चालेल काय?” नोकरीविषयक कायद्याचा सल्लागार तो हाच. त्याच्या होकारावर किंवा नकारावर अनेक घरांची चूल अवलंबून असते. आणि त्या घरांतील माणसांनी त्याचे नावही ऐकलेले नसते.

या व्यवसायाची कसोटी कशात आहे, हे जबलपूरच्या परिसरात चांगले समजते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले व त्याचे उच्च न्यायालय जबलपूर येथे आले. शहरात १९०४ पासून तोफगाड्यांचा सरकारी कारखाना होता, रेल्वे होती, आणि भोवतालच्या जिल्ह्यांत विडीचा धंदा पसरलेला होता. कारखान्यात कामगार कोण, हे हजेरीपट सांगत असे. विडीच्या धंद्यात तसे नव्हते. मालक तंबाखू देई. ती ‘सट्टेदार’ नावाचा मध्यस्थ नेई व खेड्यापाड्यांत वाटी. आणि एखादी बाई घरच्या ओसरीवर बसून तेंदूच्या पानांत ती वळीत असे. मग विड्या मोजल्या जात, आणि वाईट ठरलेल्या बाजूला काढल्या जात. या बाईचा मालक कोण?

सागर येथील एका विडी-कारखान्याच्या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९५८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार होत. ते व त्यांनी लावलेली माणसे कारखाना-कायद्याच्या अर्थाने त्या कारखान्याचे कामगार नव्हेत. मालकांच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता. अशा वेळी सल्लागारास मोह पडणे स्वाभाविक असते. “मधे एक माणूस उभा करा, म्हणजे तुमच्यावर काही येत नाही,” एवढे सांगितले की अशील संतुष्ट होतो.

परंतु हा सल्ला किती काळ टिकला? नागपूरच्या एका विडी-कारखान्यात येऊन विड्या वळणाऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने पुढे वेगळा निर्णय दिला. येण्याजाण्याची मोकळीक असली, मजुरी नगावर असली, तरी नापसंत विड्या नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे. म्हणून ते कामगारच, असे न्यायालयाने म्हटले. १९६४ मध्ये मद्रासकडील एका प्रकरणात मध्यस्थ हे केवळ मालकाचे हस्तक ठरले व घरी विड्या वळणारे मालकाचे कामगार ठरले. १९६६ मध्ये संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि घरी विड्या वळणाऱ्या व्यक्तीस ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येतच स्थान दिले. विड्या नाकारण्यावरून होणाऱ्या तंट्यांचीही त्यात सोय होती. मालकांनी या कायद्यास आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. ज्याने १९५८ च्या भरवशावर व्यवसायाची सारी घडी बसवली, त्याला आठच वर्षांत ती मोडावी लागली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कंपनीचा सल्लागार हा कामगारांचा पुढारी नव्हे. अशिलाचे हित पाहणे हेच त्याचे कर्तव्य होय. परंतु कागदावरील नाव आणि कामाचे वास्तव यांत अंतर पडले की कायदा आज ना उद्या ते भरून काढतो, हे अशिलास वेळीच सांगणे, हेही त्याचे हितच आहे.

पुढील इतिहासही याच दिशेने गेला. जबलपूरच्या उच्च न्यायालयात वकिली व पुढे न्यायदान केलेले जगदीश शरण वर्मा १९९७ मध्ये भारताचे सरन्यायाधीश होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने त्याच वर्षी ‘विशाखा’ प्रकरणात, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. त्यावर आधारलेल्या २०१३ च्या कायद्याने कायम, हंगामी, रोजंदारीवरील आणि कंत्राटदारामार्फत, मुख्य मालकाच्या नकळतही, कामावर आलेली व्यक्ती ‘कर्मचारी’ मानली. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे अंतर्गत समिती आवश्यक झाली. म्हणजे ‘ती आमची नव्हे’ हे उत्तर येथेही पुरेनासे झाले.

आज सल्लागाराकडे येणारा कागद निराळा आहे. मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या तरुणास कंपनी ‘भागीदार’ म्हणते. त्याला काम मोबाइलवर मिळते आणि त्याच्या कामाची प्रतही तेथेच ठरते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली व २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिने अशा श्रमिकास पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचा मानले आहे. तथापि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, या श्रमिकांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के मर्यादेपर्यंत, त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तीत तरतूद आहे. १९६६ चा विडी-कायदाही त्याच दिवशी दुसऱ्या एका संहितेत विलीन झाला. कायद्याने त्या तरुणास अद्याप कामगार म्हटलेले नाही. पण कंपनीस पूर्ण मोकळेही सोडलेले नाही.

हा मुक्काम १९५८ सारखाच वाटेतला आहे की अखेरचा, हे पुढे ठरेल. तोवर सल्लागाराने करारनाम्याचे पहिले पान उलटण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : काम कोण ठरवतो? ते वाईट म्हणून कोण नाकारतो? आणि नाकारलेल्या कामाचा तोटा कोण सोसतो? ओसरीवरच्या त्या बाईकडे करारनामा नव्हता. पण या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिला ठाऊक होती.