धामनोदची जिजी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करावे, अशी आज्ञा आम्हांस झाली. पूर्वज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोडेस्वार उभे राहतात. 1728 साली अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजीअप्पांच्या फौजेने मोगल सुभेदाराचा पराभव केला. पुढे धार व देवास येथे पवार आणि इंदुरास होळकर स्थिरावले. हा इतिहास आपल्या मुलांनाही पाठ असतो. परंतु त्या स्वारांमागून या मुलखात आलेल्या घरांच्या चुली कोणी पेटत्या ठेवल्या आणि शेते कोणी राखली, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही आमच्या पणजीविषयी बोलणार आहोत.

आम्ही सारी पतवंडे तिला जिजी म्हणत असू. तिचे शेत धामनोदजवळ होते. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे इंदुराहून आग्रा-मुंबई रस्त्याने मोटारीत बसून निघत असू. मानपूर मागे पडले की रस्ता घाट उतरू लागे. माळव्याचा गार वारा वर राही आणि निमाडची ऊन झळ तोंडावर येई. ती झळ लागली की धाकटी भावंडे ‘जिजी आली’ म्हणून ओरडत.

जिजी ऐन तारुण्यात विधवा झालेली. पदरी दोन मुले, काळी कपाशीची जमीन आणि एक विहीर. माहेरी परत ये, असा निरोप आला असता ती गेली नाही. धामनोदपासून महेश्वर बारा-तेरा किलोमीटर. तेथूनच अहिल्याबाईंनी 1767 पासून 1795 पर्यंत होळकरांचे राज्य चालवले. जिजी म्हणे, “त्याही विधवाच ना? त्यांनी राज्य राखले. मला वीस बिघे राखता येऊ नयेत?”

ती पहाटे मोटेवर जाई. बैल धावेवरून उतरत आणि थारोळ्यात पाणी धो धो कोसळे. त्या पाण्याखाली बसण्यासाठी आमच्यात भांडणे लागत. दिवाळीत कापसाची वेचणी चाले. वेचणाऱ्या बायांशी ती निमाडीत बोले, आमच्याशी मराठीत, आणि रागावली म्हणजे दोन्हींत. दुपारी ज्वारीची भाकरी व अंबाडीची भाजी. तिला तिकडे अमाडी म्हणतात. घरच्या मुलांना एक आणि कामाच्या बायांना दुसरे, असा भेद तिच्या चुलीवर नव्हता.

चैत्रात तिच्या घरी दोन गौरी येत. निमाडच्या गणगौरीचे जवारे शेजारणी घेऊन येत, तेव्हा जिजी त्यांच्यासह रनुबाईची गाणी म्हणे. त्या गौरीचा निरोप साधारणतः चैत्र शुद्ध तृतीयेला. आणि त्याच तृतीयेला आपली चैत्रगौर पाळण्यात बसे. मग त्याच शेजारणींना आंब्याची डाळ, पन्हे आणि हळदकुंकू. परक्या मुलखात आपलेपण कसे राखावे आणि दुसऱ्याचे कसे आपले म्हणावे, हे आम्ही तेथे शिकलो.

खळ्यावरचे धान्य घरात येण्याआधी त्यातील चार पायल्या बाजूला निघत. त्या नर्मदेच्या परिक्रमावासींच्या. ‘नर्मदे हर’ अशी हाक दारात आली की शिधा दिला जाई. जात विचारली जात नसे. दुष्काळी वर्षी तरी हे थांबवावे, असे मुलांनी सुचवले. तेव्हा ती म्हणाली, “आपल्याला कमी पडते त्या वर्षी त्यांना कोठून पुरणार?” चार पायल्यांच्या तीन झाल्या नाहीत.

जिजीला लिहिता येत नव्हते. मजुरांच्या हजेऱ्या ती माजघराच्या भिंतीवर गेरूच्या रेघांनी मांडी. दिवाळीपूर्वी हिशेब चुकते होत आणि भिंत चुन्याने पांढरी होई. तिच्या कारभाराचा तेवढाच कागद, आणि तो दरवर्षी पुसला जाई. पटवाऱ्याच्या दप्तरात जमीन प्रथम दिराच्या व पुढे मुलाच्या नावे होती. 1937 च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत हयातीपुरता हक्क दिला, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. संस्थानी मुलखास तो लागू नव्हता. 1956 चा हिंदू वारसा कायदा आला तोवर कागद मुलाच्या नावे पक्के झाले होते. जिने चाळीस वर्षे ती जमीन कसली, तिचे नाव त्या जमिनीवर एक दिवसही नव्हते. तिच्या मागे वाटण्या झाल्या, शेत विकले गेले. विक्रीच्या कागदावरही ती नाही.

ही केवळ आमच्या घरची गोष्ट नव्हे. नर्मदा जलविवाद लवादाने 1979 साली निवाडा दिला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या धार जिल्ह्यातील गावांचे पुनर्वसन त्यानुसार व्हावयाचे होते. त्यात सज्ञान मुलाचे स्वतंत्र कुटुंब धरले. सज्ञान मुलीचे नाही. विधवा माता ही कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेली व्यक्ती ठरली. जिजी कोणावर अवलंबून होती? सारे घर तिच्यावर अवलंबून होते. परंतु कागदाला जे दिसत नाही, ते न्यायासही दिसत नाही.

2005 सालच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क मिळाला. तरी वाटणीच्या वेळी भावाच्या प्रेमाखातर सही करून देण्याची रीत आपल्या घरांतून गेलेली नाही. प्रेम असावे, पण ते सहीच्या मोबदल्यात मागू नये.

आपल्या घरोघरच्या वंशावळी पाहाव्या. पुरुषांची नावे सात पिढ्यांची; स्त्रीच्या जागी कोठे ‘पत्नी’, तर कोठे नुसती रेघ. आमच्या वंशावळीतही जिजीच्या जागी ‘पत्नी’ एवढाच शब्द आहे. 2025 साली अहिल्याबाईंच्या जन्माची 300 वर्षे आपण थाटाने साजरी केली. ते योग्यच झाले. परंतु घरच्या अहिल्येचे नाव वहीत नसेल, तर त्या उत्सवास अर्थ किती?

म्हणून विश्वस्त मंडळींस आमची विनंती आहे. न्यासाच्या सभासद-वहीत प्रत्येक कुटुंबातील आजी, पणजी, सुना आणि मुली यांची नावे माहेरच्या नावासह लिहून घ्यावीत. आणि हे काम घरातील वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर व्हावे. आपला न्यास म्हणजे तरी काय? प्रत्येक घराने खळ्यावरून बाजूला काढलेल्या चार पायल्याच आहेत. त्या ज्यांनी प्रथम बाजूला काढल्या, त्यांची नावे आपल्या वहीत असावीत.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. नर्मदे हर.