बाटलीवरचा ‘ओ’

(पाटणमधल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण)



मी गोदीत माल उचलणारा. शिक्षण मॅट्रिक. रक्तातलं जे विचारून विचारून कळलं ते सांगतो.

१९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की ए, बी, ओ कशाशीच जुळेना. नाव पडलं बॉम्बे रक्तगट. देशात साधारण दहा हजारांत एखादा. नाव मुंबईचं, पण माणसं आपल्या सातारा-सांगलीकडंही निघालीत.

ओ गटाच्या पेशीवर ‘एच’ नावाचा पदार्थ असतो. बॉम्बेवाल्यात तोही नाही, उलट एचला मारणारे प्रतिपिंड असतात. साध्या तपासणीत ए नाही, बी नाही, की लिहून मोकळे : ओ! त्या माणसाला ओची बाटली लावली तर जिवावर बेततं. त्याच्या प्लाझ्मात ओच्या पेशी घातल्या की गुठळ्या होतात, तेव्हा खरं कळतं.

हा गट आई आणि बाप दोघांकडून एकेक दाणा आला तरच उतरतो. मामाची पोरगी करा, जातीच्या कुंपणातच सोयरीक करा, असे दाणे जास्त एकत्र येतात. म्हणे रक्त शुद्ध राहतं! बाबासाहेबांनी १९३६ सालीच या शुद्धीची सालटी काढलीत. वाड्यावरच्या बॉम्बेवाल्या पाटलाला सख्ख्या चुलत्याचं ओ चालायचं नाही, मांगवाड्यातल्या बॉम्बेवाल्याचं चालेल. घे म्हणावं, नाहीतर मर.

पण मांगवाड्यातला तो माणूस यादीत आहे कुठं? आपली माणसं एके काळी पोटासाठी रक्त विकत. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानं १ जानेवारी १९९८ पासून तो धंदा बंद झाला. विकणारा गेला, देणारा मात्र वस्तीतून पुढं आला नाही. खाडा परवडत नाही, अशक्तपणाची भीती. अरे, ३५० मिलीलिटर घेतात, वजन ४५ किलो लागतं. हिमोग्लोबिन मात्र साडेबारा पाहिजे. आपल्या किती आयाबहिणी तिथूनच माघारी येतील! ती गणतीही लिहून ठेवा, रेशनच्या मोर्चात लागेल.

चौदा एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून थोडं काढा, वस्तीत रक्तपेढीची गाडी आणा. कागदावर ओ लिहिलं की विचारा, एच बघितलं का? कुणाचं बॉम्बे निघालं तर त्याच्या सख्ख्या भावंडांनाही धरून आणा. चारात एकाचं तसं निघायचा संभव असतो.