लेन्स घेण्याआधी लॅपटॉप उघडा

घड्याळं एक तास मागे गेली, इथे इंग्लंडमध्ये साडेचारलाच दिवे लावायची वेळ आली आणि दिवाळीही तोंडावर आली. थोड्याच दिवसांत दुकानांत कॅमेऱ्याच्या लेन्सवर सवलतीच्या पाट्या लागतील. तुमच्यापैकी ज्यांना फोटो काढायचा नाद आहे, त्यांच्याशी आज थोडं बोलायचंय. मी काही या धंद्यातली नाही. नोकरी आणि घर सांभाळून उरलेल्या वेळात कॅमेरा हातात घेणारी, तुमच्यासारखीच एक.

आधी माझी फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी सांगलीला आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यासाठी मी खास नवी लेन्स घेतली, ७०-३०० मिलिमीटरची लांबलचक झूम. घरातल्या छोट्या खोलीत ती लावली, तर आई आणि ओवाळणारी वहिनी एका चौकटीत मावेनात. घाईघाईने कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची साधी लेन्स चढवली. तेवढ्यात ट्यूबलाइट मालवली आणि ८१ दिव्यांचं ताट आलं. त्या उजेडात माझे बहुतेक फोटो हलले.

पुढचं त्याहून वाईट. रात्री कार्ड भरलं, म्हणून सगळे फोटो छोट्या लॅपटॉपवर घेतले आणि कार्ड पुसून टाकलं. इकडे परत आल्यावर त्या लॅपटॉपवर चहा सांडला. लॅपटॉप गेला आणि फोटोही गेले. आई फोनवर विचारायची, "फोटो कधी पाठवतेस गं?" महिनाभर मी "पाठवते, पाठवते" म्हणत राहिले. शेवटी खरं सांगावं लागलं. "असू दे," एवढंच म्हणाली. आज आमच्याकडे त्या दिवसाचे नऊच फोटो आहेत. ते भाचीने एका जुन्या ३५ मिलिमीटरच्या लेन्सने काढलेले.

म्हणून सांगते, नवी लेन्स दुकानात निवडू नका, आपल्या लॅपटॉपवर निवडा. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा बरीच माहिती नोंदवून ठेवतो. कोणती लेन्स, किती मिलिमीटर, किती शटर, किती आयएसओ, सगळं त्यात असतं. विंडोजमध्ये फोटोंच्या फोल्डरला फोकल लेंग्थचा रकाना जोडता येतो. लाइटरूममध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या डार्कटेबलमध्येही ही माहिती दिसते. मागच्या वर्षभरातले, तुम्हाला खरोखर आवडलेले फोटो निवडा आणि ते किती मिलिमीटरवर काढलेत ते पाहा. मी पाहिलं, तर माझे आवडते फोटो बहुतेक सगळे ३० ते ४० च्या दरम्यान होते. ३०० वर होत्या त्या बागेतल्या खारी!

आता उजेडाचा हिशोब. साधी १८-५५ ची लेन्स ३५ वर नेली की साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडते. ३५ ची एकाच मापाची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. म्हणजे सहापट उजेड आत येतो. जिथे शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं ठेवावं लागत होतं, तिथे नव्वदावा भाग पुरतो. ओवाळणारा हात मग हलत नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं थरथरणं सांभाळतं, समोरच्या माणसाचं हलणं थांबवत नाही, हेही लक्षात ठेवा.

पुष्कळांना ५० ची लेन्स घ्यायला सांगतात. ती स्वस्त आणि छान असते. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कॅमेऱ्यात छोटा सेन्सर असतो. त्यावर ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते. चेहऱ्यासाठी उत्तम, पण इथल्या लहानशा बैठकीच्या खोलीत पाठ भिंतीला लागते. अशा कॅमेऱ्यावर घरासाठी ३५ सोयीची. आणि अख्खं कुटुंब ओळीत बसलं असेल, तर एफ १.८ वर काढू नका, मागची आत्या धूसर येईल. एफ ४ करा आणि आयएसओ वाढवा.

जुनी लेन्स घेतलीत तरी चालेल. ती आपल्या कॅमेऱ्यावर बसते का आणि फोकस आपोआप होतो का, हे आधी पाहा. मग फोनचा टॉर्च लावून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. गावाकडे पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते.

आता लॅपटॉप. छोटा असला म्हणून काही बिघडत नाही, पण तो ओटा आहे, कोठीची खोली नव्हे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० जीबी नव्हे, एमबीची असते. पण असे हजार फोटो झाले की तेच २५-३० जीबी होतात. दोन-चार समारंभांत लॅपटॉप भरतो. म्हणून फोटो बाहेरच्या डिस्कवर ठेवा. लॅपटॉपवर आधी फक्त निवड करा, नको ते काढा आणि उरलेल्यांवरच काम करा. रंग बघताना रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर आईची हिरवी पैठणी भलत्याच रंगाची होईल.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. छायाचित्रकारांचा ३-२-१ असा एक नियम आहे. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्याला हे सोपं आहे. भारतात जाल तेव्हा एक डिस्क भावाच्या नाहीतर बहिणीच्या कपाटात ठेवून या. दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नका. प्रवासात एखादं जास्तीचं कार्ड बरोबर असलं की तो मोहही होत नाही.

मी शेवटी ३५ चीच जुनी लेन्स घेतली आणि बरोबर दोन डिस्क. या दिवाळीत तुम्ही फोटो काढाल, तेव्हा त्याच रात्री प्रती करा. आणि तिकडे कुणी वाट बघत असेल, तर निवडक पाच-सहा फोटो दुसऱ्या दिवशीच पाठवून द्या.

दिवाळीच्या शुभेच्छा.