रजा मिळाली, वाटणी कधी?

(महिला दिनानिमित्त चिक्कडपल्ली येथे झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



स्त्री-पुरुष समानतेवर बोला, असे मंडळाने सांगितले. विषय मोठा आहे. आम्ही बँकेत काउंटरवर बसणाऱ्या बायका. म्हणून आम्हाला कळते तेवढेच, म्हणजे जमाखर्चाच्या भाषेत, बोलणार आहोत.

आधी जमेची बाजू पाहू. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. आईला विश्रांती मिळण्यात देशाचेच हित आहे आणि म्हणून तिचा बराचसा खर्च सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवडे रजा दिली आणि २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू आहे आणि सव्वीस आठवडे तिच्यात कायम आहेत.

हे सहज मिळालेले नाही. पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. नोकरीच्या अर्जात बाईच्या पाळीची आणि गरोदरपणाची माहिती विचारणारे रकाने आयुर्विमा महामंडळाला १९९१ मध्ये न्यायालयाने काढायला लावले. आणि ही फार जुनी गोष्ट समजू नका. तीन महिन्यांहून अधिक दिवस गेलेली उमेदवार 'तात्पुरती अपात्र' धरावी, असे परिपत्रक स्टेट बँकेने काढले होते. देशभर ओरड झाली, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ते मागे घेतले गेले. म्हणजे मिळालेले राखायलाही जागे राहावे लागते.

आता नावे बाजू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. फरक २०१ मिनिटांचा. आठवड्याचा हिशेब केला तर साडेतेवीस तास होतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ तीन दिवसांची बिनपगारी ड्यूटी. या आकड्यांत घरी असणाऱ्या बायकाही आल्या, हे खरे. पण नोकरी लागली म्हणून बाईचा आकडा पुरुषाच्या आकड्याला येऊन मिळत नाही, हे इथे बसलेले प्रत्येक घर जाणते. आणि मुलांची देखभाल या हिशेबात धरलेली नाही, ती वेगळीच.

या नावे बाजूची खरी किंमत बढतीच्या वेळी कळते. क्लार्कची अधिकारी झाली की बदली आलीच. आदिलाबाद, खम्मम, कुठेही. मुलगा चौथीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात, यजमानांचे ऑफिस सिकंदराबादला. आमच्यातल्या कितीतरी जणींनी परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. लोक म्हणतात, तिला हौसच नव्हती. हौस होती हो, घरात दुसरा हात नव्हता! विवाहित महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या गावी नेमणूक द्यावी, असे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारी बँकांना कळवले. चांगले झाले. पण पत्नीची बढती आहे, तर पतीने काय करावे, हे कोणत्या परिपत्रकात आहे?

आपण इथली जुनी घरे. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी उभी राहिली, तेव्हापासून शिक्षणासाठी आपल्या समाजाने पदरमोड केली आहे. मुलींना शिकवले, नोकरीला पाठवले. त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण मुलीला बी.कॉम. करताना मुलाला वरणभात लावायला शिकवले का? सून नोकरीची हवी, पण पाहुणे आले की चहा तिनेच आणायचा. हा व्यवहार एकतर्फी आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनाही हे हात जोडून सांगणे आहे. मुलाने भांडी घासली तर 'आमच्या बाळ्याला बायकोने कामाला लावले' असे म्हणू नका.

म्हणून चार मागण्या. पहिली घराकडे. बँकेतल्या पुरुषांना २०१५ च्या करारापासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. ती बारशाच्या मांडवासाठी खर्च न करता बाळाचे लंगोट बदलण्यात घालवा. दुसरी सरकारकडे. खासगी क्षेत्रातल्या बापाला कायद्याने अशी रजाच नाही, ती द्या. आईच्या रजेचा पगारही बहुतेक ठिकाणी एकट्या मालकाच्या अंगावर पडतो, म्हणून छोटा मालक तरुण मुलीला कामावर घ्यायला कचरतो. बाबासाहेबांचे म्हणणे इथे आजही लागू आहे. सरकारने वाटा उचलावा.

तिसरी मागणी मत मागायला येणाऱ्यांकडे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, असा कायदा आहे. पण शाखेत दहा-पंधरा माणसे, दुकानात चार. त्या आईने मूल कुठे ठेवायचे? ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना बसचा प्रवास मोफत आहे. बस आरटीसी क्रॉस रोडला पोचवते, पण मूल ठेवायची सोय वॉर्डातच लागते. उमेदवार दाराशी आला की आधी पाळणाघराचे विचारा.

चौथी मागणी मंडळाकडे, म्हणजे आपल्याकडेच. मंडळाची सभा संध्याकाळी सातला असते, नेमकी कुकर लावायच्या वेळी. मग बायका हळदीकुंकवापुरत्या उरतात. सभा रविवारी सकाळी घ्या. आणि शाळा सुटल्यापासून सहापर्यंत सभागृहाची एक खोली मुलांसाठी उघडा. निवृत्त मंडळी आहेत, पुस्तके आहेत. मुलांचे मराठीही सुधारेल.

रजेचे सव्वीस आठवडे संपतात. मूल मोठे व्हायला अठरा वर्षे लागतात. त्या अठरा वर्षांचे खाते दोघांच्या नावे उघडा, एवढेच आमचे मागणे आहे.